बेल आपली, बोट पाहुण्याचं

गेल्या आषाढातली गोष्ट. आषाढ म्हटलं की पुण्या-मुंबईच्या मंडळींच्या डोळ्यांपुढे धो धो पाऊस येतो. आमच्या कडेगावचा आषाढ म्हणजे नुसती भुरभुर. आमचा भाग पहिल्यापासून अवर्षणाचा, त्यामुळे पावसापासून काही झाकायचं असतं ही सवयच आम्हाला नाही. फाटकाच्या खांबावरचं आमच्या बेलचं बटणही असंच उघड्यावर बसवलेलं. वर पत्रा नाही, टोपण नाही. कोणाच्या ते मनातही आलं नाही. माझ्याही नाही.

तर त्या भुरभुरीत सकाळी साडेसहाला दूध घालायला एक मुलगी येत होती. आठवी-नववीत असेल. वडील आजारी म्हणून काही दिवस तीच किटली घेऊन येई. पण बेल न वाजवता फाटकाबाहेरून "सर, दूऽऽध!" अशी आरोळी ठोकायची. दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी मी जरा मास्तरी आवाजातच विचारलं, "अगं, तिथं बेल आहे ना? ती काय शोभेला लावलीय?"

ती खाली बघत म्हणाली, "सर, तुमची बेल चावतीया."

"काय करते?"

"चावतीया. पावसात दाबली की. मागं दोनदा चावली. अण्णा म्हणत्यात, हाका मार, बटणाला हात लावू नको."

मी उभाच राहिलो. तिच्या वडिलांना ठाऊक होतं! मग मी चौकशीच सुरू केली. पेपर टाकणारा मुलगा म्हणाला, "मी पेनाच्या टोकानं दाबतो." पोस्टमन म्हणाले, "जरासा चिमटा बसतो, त्यात काय एवढं?" शेजारच्या वहिनी तर हसल्या, "अहो भाऊजी, म्हणून तर मी मागच्या दारानं येते!" म्हणजे अख्ख्या आळीला माहीत होतं की आमची बेल शॉक देते. माहीत नव्हतं ते फक्त घरच्यांना.

आणि ते कसं माहीत असणार? मंडळी, आपल्या घरातली ही एकच वस्तू अशी आहे की जी मालक स्वतः कधी वापरत नाही. पंखा आपण लावतो, दिवा आपण लावतो, मिक्सरवर आपलाच हात असतो. बेल मात्र पैसे आपले, भिंत आपली, वीजबिल आपलं, आणि बटणावरचं बोट नेहमी दुसऱ्याचं. दूधवाल्याचं, पोस्टमनचं, बहिणीच्या पोरांचं. आपल्या घराकडून त्यांना धोका आहे का, हे तपासायचं काम त्यांचं नव्हे, आपलं आहे. आणि ते आपल्यापैकी बहुतेकजण करत नाही. या लेखात मला भांडायचंय ते एवढ्याचसाठी, आणि सुरुवात स्वतःपासून करतोय.

लगेच वायरमनला बोलावलं. माझाच जुना विद्यार्थी. तसाही त्याला बोलवायचंच होतं, कारण बेल "डिंग" म्हणायची पण "डाँग" म्हणायची नाही. त्यानं स्टुलावर चढून बघितलं न बघितलं केलं आणि निकाल दिला, "सर, फेका ही. नवी आणू. दुरुस्तीत काय राम न्हाय."

मी म्हटलं, "आणि बाहेरचं बटण चावतंय त्याचं काय?"

"पावसाळ्यात हुतंय तसं. ऊन पडलं की सुकतंय. चालतंय की!"

चालतंय की! आमच्या सांगली-कोल्हापूर भागाचा हा लाडका मंत्र. रस्त्यात खड्डा? चालतंय की. गाडीवर चौघं? चालतंय की. एरवी मलाही त्यातला बिनधास्तपणा आवडतो. पण त्या दिवशी माझ्या डोळ्यांपुढे किटली घेतलेली ती मुलगी होती, म्हणून मी त्याला खुर्चीवर बसवलं, पाटी-पेन्सिल नव्हती तर कॅलेंडरच्या पाठीवर गणित घातलं. (बी.ए. मराठीवाला मास्तर विजेचं गणित कसं घालतो असं विचाराल, तर लहान शाळेत विज्ञानाचे सर रजेवर गेले की त्यांचा तास कोण घेतं ते आम्हालाच विचारा.)

ओहमचा नियम आपण सगळेच शिकलोय. विजेचा दाब भागिले विरोध म्हणजे प्रवाह. आपल्या घरातला दाब २३० व्होल्ट. कोरड्या हाताचा विरोध पुष्कळ असतो, पण हात भिजलेला, पाय ओले, तर शरीराचा विरोध हजार ओहमच्या आसपास उतरू शकतो. २३० भागिले १०००, म्हणजे ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर. आता हे लक्षात घ्या की दहा-वीस मिलिअँपिअरला हाताचे स्नायू आखडून धरलेली वस्तू सोडवत नाही, आणि माणसाच्या रक्षणासाठी जे यंत्र बसवतात ते ३० मिलिअँपिअरला तोडायला लावलेलं असतं. त्याच्या सात पटींहून जास्त प्रवाह जाऊ शकेल अशी सोय आपण फाटकावर करून ठेवलीय, तीही बरोबर बोटाच्या उंचीवर.

मग आजवर नुसता चिमटाच का बसला? कारण बटणाच्या आतल्या तांब्या-पितळेपासून बोटापर्यंत पाण्याचा पातळ ओघळ होता, आणि दाबणाऱ्याच्या पायात चप्पल होती. एवढंच. चिमटा म्हणजे "धोका लहान आहे" असं नव्हे. वाटेतला शेवटचा अडथळा अजून टिकून आहे, इतकाच त्याचा अर्थ. बटणाचं प्लास्टिक एक दिवस तडकलं, की तो अडथळाही गेला.

आणि चपलेचा भरवसा तरी कुठे धरायचा? फाटकावर नाही तर दारावर बेल असलेली किती घरं आहेत ते बघा. आपल्याकडे माणूस दाराशी येतो तो आधी पायरीवर चपला काढतो आणि मग बेल दाबतो. पायरी कशी? तर सकाळी धुतलेली, सडा टाकलेली, रांगोळीच्या कडेनं अजून ओली. म्हणजे अनवाणी पाय, ओली फरशी आणि २३० व्होल्ट! वर चौकटीवर "सुस्वागतम्". ज्याला आपण अतिथी म्हणून देव मानतो त्याची आपण अशी परीक्षा घेतो.

माझा पुतण्या अमेरिकेत असतो. त्याला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, "काका, आमच्याकडे बेलच्या वायरीत १६ व्होल्ट असतात. घरात एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, तो दाब कमी करून देतो." इंग्लंडात तर ८ व्होल्टवरच्याही बेली सर्रास असतात. हे काही त्यांचं नवं डोकं नव्हे. विजेची घंटा जन्मलीच मुळी कमी दाबावर. १८३१ साली अमेरिकेत अल्बनीच्या शाळेत जोसेफ हेन्री नावाच्या मास्तरानं (हो, मास्तरच!) मैलभर लांब तारेतून प्रवाह सोडून दुसऱ्या टोकाची घंटा वाजवून दाखवली, ती बॅटरीवर. पुढे १८६६ मध्ये लेक्लांशेचा घट आला. जस्त, कार्बन आणि नवसागराचं पाणी. जुन्या पुस्तकात त्याची आकृती काढून आमची पिढी दमलीय. तो घट एका वेळी थोडाच वेळ प्रवाह देऊ शके, आणि घंटेला लागतो तोही थोडाच वेळ, म्हणून दोघांची जोडी छान जमली. एकेका घटाचा दाब जेमतेम दीड व्होल्ट!

आपल्या बाजारात मात्र ट्रान्सफॉर्मरचा खर्च वाचवून थेट २३० व्होल्टवर चालणारी बेल आली, आणि तीच घरोघर बसली. स्वस्त, सोपी, दिव्यासारखी जोडायची. घरातल्या दिव्याचं बटण घरात असतं, कोरड्या भिंतीवर, आपल्याच हाताखाली. बेलचं बटण बाहेर, उन्हापावसात, परक्याच्या हाताखाली. दोन्हींना एकच न्याय लावणं ही चूक आहे, आणि ती इतकी सवयीची झालीय की चूक वाटेनाशी झालीय.

आता मला आलेली उत्तरं बघा. पहिलं, "अहो, एवढी वर्षं काही झालं नाही ना?" झालं की! त्या पोरीला दोनदा झालं. आपल्याला कळलं नाही, म्हणजे झालं नाही असं नव्हे.

दुसरं, "आमच्याकडे एमसीबी आहे, लगेच पडतो." एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. सहा अँपिअरचा एमसीबी म्हणजे सहा हजार मिलिअँपिअर. २३० मिलिअँपिअर माणसातून वाहिले तर त्याला त्याची खबरही लागत नाही. माणसासाठी लागतो तो ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांचा तो हिशेब ठेवतो आणि मध्येच कुठं जमिनीत गळती दिसली की क्षणात तोडतो. घर बांधताना टाइल्ससाठी कऱ्हाड, विटा, सांगली पालथी घालणारी मंडळी या एका डबीचे पैसे मात्र वाचवतात.

तिसरं, "मग जुनी कडीच बरी होती." होती खरी! कडी कोणाला चावली नाही. पण तेव्हा दार रस्त्यावर होतं आणि माणसं ओसरीवर. आता फाटक एकीकडे, आम्ही म्हातारी मागच्या खोलीत आणि टीव्ही दोघांच्या मध्ये. मोहरमला कडेगावचे गगनचुंबी ताबूत बघायला आलेले पाहुणे दाराशी उभे राहिले तर बाहेरच्या गर्दीत कडी ऐकू येणार आहे का? बेल हवीच. म्हणून तर ती नीट हवी.

आणि चौथं, सगळ्यात हुशार उत्तर, "फेकून द्या, नवी आणा." याचाच मला खरा राग आहे. कारण नवी बेल जुन्याच वायरीला, जुन्याच बटणाला जोडणार. आवाज बदलेल. टिंगटाँगच्या जागी चिमणी ओरडेल नाहीतर गायत्री मंत्र लागेल. चावणं तेच राहील. दुरुस्ती म्हणजे उघडून, का बिघडलं ते बघणं. फेकून देणारा ते बघतच नाही, म्हणून त्याला दोष कुठं होता ते कधीच कळत नाही.

आम्ही बघितलं. मेन स्विच बंद केला. नुसतं बटण न दाबणं म्हणजे वीज बंद नव्हे, याचं कारण पुढे सांगतो. बेल उघडली. आत रचना किती साधी! तारेचं वेटोळं, त्यात मागेपुढे सरकणारा लोखंडी दांडा, एक स्प्रिंग आणि दोन बाजूंना दोन पट्ट्या. बटण दाबलं की वेटोळं चुंबक होतं, दांडा खेचला जाऊन एका पट्टीवर आपटतो, डिंग. सोडलं की स्प्रिंग त्याला मागे ढकलते, दुसऱ्या पट्टीवर, डाँग. आमचा दांडा परत येत नव्हता, कारण त्यावर काळा चिकट लगदा जमला होता. तो कशाचा? काही वर्षांपूर्वी "जरा तेल सोडावं" म्हणून मीच शिलाई मशीनचं तेल सोडलं होतं! तेलानं धूळ धरली, धुळीनं दांडा धरला. कोरड्या फडक्यानं पुसून काढलं आणि बेल पुन्हा पूर्ण वाक्य बोलायला लागली. खर्च शून्य. (तेव्हा बेलमध्ये तेल घालू नका. आणि बटण आत अडकून राहत असेल तर आधी ते बदला. या बेली क्षणभर वाजण्यासाठी असतात. प्रवाह सतत चालू राहिला तर वेटोळं तापून जळतं.)

मग बाहेरचं बटण उघडलं, आणि वायरमनच गप्प झाला. पितळेवर हिरवा गंज, मुंग्यांची माती, दिवाळीच्या रंगाचा थर, आणि खाली पाण्याचा थेंब. पाणी आलं कुठून? वायरीचा पाइप बटणाच्या डबीत वरून घेतला होता. पावसाचं पाणी वायरवरून ओघळत थेट फेजवर! वायर खालून आत घेतली असती, तिला बाहेर एक छोटा झोल दिला असता, तर पाणी झोलाच्या तळाशीच गळून पडलं असतं. दोन पैशांचं काम. आणि तीच वायर पुढे लोखंडी फाटकाच्या चौकटीला तारेनं बांधलेली, एका जागी साल घासून निघालेली. आणखी एखादं वर्ष गेलं असतं तर बटणच काय, अख्खं फाटक चावलं असतं.

अजून एक निघालं. बटण फेजवर नव्हतं, न्यूट्रलवर होतं. म्हणजे बटण दाबा न दाबा, बेलपर्यंत फेज चोवीस तास आलेलीच. दिवाळीला जळमटं काढताना आमची ही दर वर्षी ती बेल ओल्या फडक्यानं पुसते! एकेरी स्विच न्यूट्रलमध्ये घालू नये हे १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतच सांगितलेलं आहे. पुढे २०१० ला आणि २०२३ ला नियम नव्यानं आले, पण हे तत्त्व तेच आहे. वायरमननं टेस्टर लावून दाखवलं. बटण कोणी दाबलेलं नसताना बेलच्या टोकावर टेस्टर पेटला, तर समजावं स्विच चुकीच्या तारेत आहे. ही तपासणी मात्र त्यालाच करू द्या. बंद विजेवर पुसापुशी करणं आपलं काम, चालू विजेवर हात घालणं परवाना असलेल्या वायरमनचं. सत्तरी ओलांडलेल्या मास्तरांनी तर स्टुलावरसुद्धा चढू नये असा आमच्या घरचा हुकूम आहे.

शेवटी केलं काय? जुनी बेल घरात आहे तिथंच ठेवली. घरातच एक चांगल्या कंपनीचा, आयएसआय शिक्क्याचा १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणि एक रिले बसवला. बाहेरच्या नव्या बटणातून आता फक्त १२ व्होल्ट जातात, ते घरातल्या रिलेला हलवतात आणि रिले बेल वाजवतो. बाहेरची वायर वेगळ्या पाइपातून नेली, २३० व्होल्टच्या वायरींची शेजारसुद्धा नको म्हणून. कॅलेंडरवरचं गणित पुन्हा मांडा. १२ भागिले १०००, म्हणजे १२ मिलिअँपिअर, आणि एवढ्या कमी दाबाला कातडीचा विरोध जास्त असल्यानं प्रत्यक्षात त्याहूनही पुष्कळ कमी. शिवाय ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या तारांचा जमिनीशी संबंध नसतो, त्यामुळे अंगातून जमिनीत जायची वाटच राहत नाही. काम तासाभराचं.

एवढा खटाटोप नको असेल तर बिनवायरीची बेल घ्या, तिच्या बटणात नुसती एक छोटी बॅटरी असते. आणि आहे ती २३० व्होल्टचीच ठेवायची असेल, तर निदान बटण छपराखाली, पाणी न शिरणाऱ्या डबीत घ्या, वायर खालून आत न्या, लोखंडाला चिकटू देऊ नका, स्विच फेजवर आहे ना ते तपासून घ्या, आणि आरसीसीबी बसवा. त्यावर एक चाचणीचं बटण असतं, ते अधूनमधून दाबून तो पडतो ना ते बघा. रंगाऱ्याला बजावा की बटणावरून ब्रश फिरवायचा नाही.

जाताना मी वायरमनला म्हटलं, "अरे, तुला हे सगळं येत होतं. मग इतकी वर्षं कोणाच्या घरी केलं का नाहीस?"

तो म्हणाला, "सर, कुणी इचारलंच न्हाय कधी. लोक म्हणत्यात आवाज चांगला पायजे."

यावर मी काय बोलणार? दोष त्याला देऊन मोकळं व्हायचं मी ठरवलं होतं, ते जमलं नाही. आम्हीच, शिकलेल्या, शिकवलेल्या माणसांनी, बेल घेताना दुकानात उभं राहून पाच आवाज ऐकले आणि हा एक प्रश्न विचारला नाही. विजेच्या घंटेची आकृती फळ्यावर काढून पोरांकडून नावं घोकून घेतली, आणि आपल्याच फाटकावर तिचं बटण उघड्यावर भिजत ठेवलं.

असो. त्या मुलीचे वडील आता बरे आहेत, तेच दूध घालतात. मध्ये एक दिवस ती आली होती. मी आवर्जून बाहेर गेलो, स्वतः ओल्या हातानं नवं बटण दाबून दाखवलं. "बघ, आता चावत नाही." ती हसली, मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला पुन्हा फाटकाबाहेरून तीच आरोळी, "सर, दूऽऽध!" बेल दुरुस्त व्हायला तास लागला. तिचा भरवसा कधी दुरुस्त होईल ते सांगता येत नाही.

तेव्हा आप्तांनो आणि लिहित्या मित्रांनो, माझी एकच विनंती. उद्या सकाळी दूधवाला, पेपरवाला येईल त्याला थांबवा आणि सरळ विचारा, "काय हो, आमची बेल चावते का?" उत्तर काय मिळालं ते मला जरूर कळवा.